समायोज्य सस्पेन्शन: कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हा खर्च सार्थकी लागतो का?

तंजावर जिल्ह्यातील गावांमधून मोटार चालवणाऱ्याला घाट लागत नाही, डोंगर दिसत नाही आणि चढणीवर गाडी मागे सरकण्याची भीतीही नसते. कावेरी, वेण्णार आणि त्यांच्या असंख्य शाखांनी आणलेल्या गाळातून तयार झालेली ही भूमी तळहाताइतकी सपाट आहे. अशा प्रदेशात मोटारीच्या सस्पेन्शनचा प्रश्न उद्भवूच नये, असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात तो येथे वारंवार उद्भवतो. भरलेल्या गाडीची मागची बाजू बसते, गतिरोधकावर पोट घासते आणि कालव्याकाठच्या रस्त्यावर गाडी होडीसारखी डुलू लागते. त्यावर उपाय म्हणून उंची आणि कडकपणा हवा तसा बदलता येणारे, म्हणजे समायोज्य सस्पेन्शन सुचवले जाते. नामांकित कंपन्यांच्या संपूर्ण संचाची किंमत साधारणपणे साठ-सत्तर हजार रुपयांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जाते. जुनी छोटी मोटार तीन लाखांत घेतलेल्या कुटुंबासाठी हा खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका ठरू शकतो. तो करावा की करू नये, हे ठरवण्यापूर्वी या यंत्रणेतील कोणता भाग कोणते काम करतो, हे पाहणे आवश्यक आहे.

सस्पेन्शनसाठी मराठीत 'निलंबन' असा शब्द सुचवला जातो. परंतु कचेऱ्यांतील कारवाईच्या बातम्यांनी तो इतका व्यापला आहे की 'गाडीचे निलंबन' म्हटल्यास परवाना रद्द झाल्याचा समज व्हावा. त्यामुळे गॅरेजमध्ये रुळलेला सस्पेन्शन हाच शब्द येथे वापरलेला बरा.

स्प्रिंगचे काम वेगळे, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वेगळे

मोटारीचे वजन स्प्रिंग पेलते. ती गुंडाळीची असो वा पोलादी पाट्यांची, गाडी किती उंचीवर उभी राहील हे तीच ठरवते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर वजन जवळजवळ पेलतच नाही. त्याच्या नळीत तेल आणि झडपा असतात. खड्ड्यामुळे दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळू लागते, तेव्हा ते तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेच्या रूपात खर्ची पडते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसेल तर गाडी एका धक्क्यानंतर बराच काळ वरखाली होत राहील.

हा फरक एकदा ध्यानात आला की 'समायोज्य' या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, हेही स्पष्ट होते. काही संचांत शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टोकाला एक नॉब असतो. तो फिरवला की तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते आणि गाडी कडक किंवा मऊ वाटते. गाडीची उंची मात्र त्याने एक मिलिमीटरही बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग आटे असलेल्या कडीवर बसवलेली असते. कडी पान्याने वरखाली फिरवून उंची ठरवता येते, पण त्यासाठी गाडी जॅकवर घेऊन चाके काढावी लागतात आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी लागते. तिसरा प्रकार हवेचा. यात स्प्रिंगच्या जागी किंवा स्प्रिंगच्या पोकळीत हवेची पिशवी असते आणि हवा भरून वा सोडून उंची बदलते. जाहिरातीतील छायाचित्रांत हे तिन्ही प्रकार सारखेच आकर्षक दिसतात. ज्याची अडचण पोट घासण्याची आहे त्याने पहिला प्रकार विकत घेतला, तर पैसे खर्चूनही पोट घासतच राहील.

पाच पोती आणि एक गतिरोधक

त्रिभुज प्रदेशातील गावांमध्ये खरी अडचण किती मिलिमीटरांची असते, याचा हिशेब साधा आहे. तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रांवर भात ४० किलोच्या पोत्यांत भरले जाते. अशी पाच पोती, म्हणजे २०० किलो, छोट्या मोटारीच्या मागच्या भागात ठेवली आणि सगळा भार मागच्या आसावर आला असे धरले, तर प्रत्येक मागच्या चाकावर १०० किलो वाढतात. चाकापाशी मोजलेली स्प्रिंग दर दोन किलोंना एक मिलिमीटर दबते असे उदाहरणादाखल मानल्यास मागची बाजू ५० मिलिमीटर खाली बसेल. पुढची बाजू होती तेथेच राहिली, तर गाडीच्या मध्यभागाची उंची याच्या निम्म्याने, म्हणजे २५ मिलिमीटरने कमी होईल. रिकाम्या गाडीचे पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर असेल, तर आता ते १४५ वर आले.

आता गतिरोधक पाहू. भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीसारखा, ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडता यावा, ही त्यामागील कल्पना. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली मोटार अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली, तर तिची चारही चाके अजून त्याच उंचवट्याच्या दोन्ही उतरणींवर, रस्त्यापासून सुमारे साडेपाच सेंटिमीटर वर असतात. माथा आणि चाकांची पातळी यांतील फरक जेमतेम साडेचार सेंटिमीटरांचा राहतो. १४५ मिलिमीटर उंचीचे पोट तेथे घासण्याचा प्रश्नच येत नाही.

गावाच्या वेशीवरचा गतिरोधक मात्र पुष्कळदा या नियमाने बांधलेला नसतो. रुंदी एखादा मीटर आणि उंची १५ सेंटिमीटर, असा उंचवटा दोन्ही आसांच्या मध्ये संपूर्ण मावतो. चाके सपाट रस्त्यावर आणि माथा पोटाखाली अशी स्थिती होते. १७० मिलिमीटरची रिकामी गाडी दोन सेंटिमीटरच्या अंतराने सुटते, तर १४५ मिलिमीटरची भरलेली गाडी पाच मिलिमीटरने अडकते. सारा वाद या पाच मिलिमीटरांचा आहे. येथे दोष गाडीपेक्षा गतिरोधकाचा अधिक असतो, आणि तो नियमाप्रमाणे बांधून घेण्याचा खर्च गावातील प्रत्येक गाडीमागे विभागला तर कोणत्याही सस्पेन्शन संचापेक्षा फारच कमी येईल. परंतु ते काम एकट्या मोटारमालकाच्या हातात नसते, म्हणून तो गॅरेजकडे वळतो.

गतिरोधकाखेरीज या प्रदेशात आणखी एक गोष्ट आहे. जमीन चिकणमातीची. नैर्ऋत्य मोसमी पावसापेक्षा ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पाऊस येथे महत्त्वाचा. त्या काळात माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाल्यापासून १२ जून ही कालव्यांसाठी पाणी सोडण्याची परंपरागत तारीख मानली जाते. त्यानंतर कल्लणै बंधाऱ्यातून वाटले जाणारे पाणी रस्त्यांच्या कडेने महिनोन्‌महिने वाहत असते. एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला ओले शेत असलेल्या भरावावरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटेसारखा होतो. खड्डा एकही दिसत नाही, पण दर दहा-बारा मीटरवर तो किंचित खाली जातो आणि वर येतो.

या लाटा शॉक अ‍ॅब्सॉर्बरची खरी परीक्षा घेतात. स्प्रिंगवर उभी असलेली बहुतेक मोटार सेकंदाला एक ते दीड वेळा डुलण्याकडे कललेली असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. लाटांमधील अंतर बारा मीटर असेल, तर सेकंदाला १.४ लाटा चाकाखालून जातात. रस्त्याचा ठेका आणि गाडीचा ठेका असा जुळला की प्रत्येक लाट आधीच्या झोक्यात भर घालते. झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या धक्क्यासारखाच हा प्रकार. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सुस्थितीत असेल तर झोका वाढत नाही. तेल गळून गेलेला असेल तर वाढत जातो आणि चालक वेग थोडा कमी किंवा थोडा जास्त करून त्यातून सुटका करून घेतो. पुष्कळांना ही युक्ती कारण न कळताही साधलेली असते.

कापणीच्या हंगामात अनेक ठिकाणी रस्त्याचा अर्धा भाग वाळत घातलेल्या भाताने व्यापलेला असतो. सरकारी खरेदीसाठी धान्यातील ओलावा १७ टक्क्यांच्या आत असावा असा सर्वसाधारण नियम आहे आणि कोरडी, तापलेली जागा म्हणून शेतकऱ्याला डांबरी रस्ताच जवळचा वाटतो. अशा वेळी गाड्यांना कडेच्या मऊ मातीत एक बाजू उतरवून जावे लागते. तेथे गरज असते ती चाकाने खाली जाऊन जमीन धरण्याची. फार कडक केलेले सस्पेन्शन नेमके येथे कमी पडते.

अंड्यांची टोपली

खेड्यातील रस्ता आणि शेतातील माल यांसाठी सस्पेन्शन कसे असावे, हा प्रश्न जगाला नवा नाही. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९३०च्या दशकात शेतकऱ्यांसाठी एक स्वस्त मोटार आखायला घेतली. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ती जावी आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी तिच्याकडून अपेक्षा होती. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती टू सीव्ही या नावाने लोकांसमोर आली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांची स्प्रिंग-व्यवस्था एकमेकांशी जोडलेली होती. चालकाला सस्पेन्शन बदलण्यासाठी काहीही फिरवावे लागत नसे. मात्र मागे भार पडल्यावर दिव्यांचा झोत वर जातो म्हणून दिवे खाली कलवण्यासाठी एक नॉब दिलेला होता. त्याच कंपनीने १९५५ मध्ये आणलेल्या डीएस या मोटारीत तेल आणि दाबाखालील वायू यांच्या साहाय्याने गाडी भाराप्रमाणे स्वतःच आपली उंची राखत असे. अशी यंत्रणा महाग असते आणि तिची दुरुस्ती कोणत्याही नाक्यावरच्या गॅरेजमध्ये होत नाही.

भारतात हीच गरज फार साध्या रीतीने भागवली गेली. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या अँबॅसडरच्या मागच्या बाजूस पोलादी पाटे असत. भाड्याच्या गाडीवर अधिक भार येऊ लागला की मालक लोहाराकडून किंवा गॅरेजमधून एक जादा पाटा चढवून घेत. गाडी बसत नसे. रिकामी असताना ती आदळत असे, पण भाड्याची गाडी रिकामी धावणे हेच मुळी नुकसानीचे, त्यामुळे त्याची फारशी तक्रार होत नसे. आजच्या बहुसंख्य छोट्या मोटारींत मागेही गुंडाळीच्या स्प्रिंग असतात आणि हा मार्ग बंद झाला आहे.

नव्या मोटारींत कंपन्यांनी वेगळी वाट धरली आहे. २०२१ मध्ये भारतात आलेल्या सित्रोएनच्या सी५ एअरक्रॉसमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या शेवटच्या टप्प्यात तेलाच्या गाद्या होत्या. ही मोटार तमिळनाडूतीलच तिरुवळ्ळूर येथे जोडली जात असे. त्याच वर्षीच्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये धक्क्यांच्या वेगाप्रमाणे तेलाची वाट आपोआप बदलणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर देण्यात आले. दोन्हींत चालकाने फिरवण्याजोगे काही नाही. यावरून एक गोष्ट लक्षात येते. गाडी घडवणारे अभियंते सर्वसामान्य चालकाच्या हातात नॉब देण्यापेक्षा तो निर्णय यंत्रणेवरच सोपवणे पसंत करतात.

नॉब फिरवतो कोण?

समायोज्य शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा शास्त्रीय फायदा खोटा नाही. गाडीत भार वाढला की तोच शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या वाढलेल्या वस्तुमानाला अपुरा पडतो. अशा वेळी मागचे दोन नॉब चार खटके कडक केले आणि माल उतरवल्यावर पुन्हा सैल केले, तर दोन्ही वेळा गाडी चांगली चालेल. परंतु अनेक गाड्यांत मागचा नॉब डिकीच्या अस्तराखाली किंवा थेट चाकामागे खालच्या टोकाला येतो. पावसात, चिखलात, भात उतरवून घाईने घरी निघालेला माणूस वाकून तो फिरवील अशी शक्यता कमी. बसवल्यानंतर पहिल्या महिन्यात आठ-दहा वेळा फिरवलेला नॉब पुढे वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो. तसे झाले तर मालकाने समायोजनाचे पैसे दिले आणि वापरले मात्र एकच स्थान. ते एक स्थान कंपनीच्या मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये फार कमी पैशांत मिळते.

ज्यांना खटक्यागणिक फरक हवा असतो त्यांची जागा वेगळी आहे. श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथील मद्रास मोटर रेस ट्रॅक किंवा कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे येथे वळणागणिक वेळ मोजली जाते. तेथे प्रत्येक फेरीनंतर नॉब फिरवणारा माणूस हाताशी असतो. बाजारातील अनेक संच मुळात अशाच वापरासाठी, गाडी खाली आणण्याच्या हेतूने आखलेले असतात. तेच संच 'उंची वाढवता येते' असे सांगून खेड्यातील ग्राहकाला विकले जातात, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते. कडी फिरवून गाडी वर उचलली की चाकाला खाली जाण्यासाठी असलेला प्रवास तेवढाच घटतो. मग खड्ड्यात चाक लोंबकळते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर ताणून आपटतो आणि पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरपे होऊन लवकर झिजतात. गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो, आणि कालव्याच्या भरावावर वळताना ही बाब गौण मानता येत नाही.

आट्यांचा आणखी एक शत्रू या भागात आहे. भाताच्या हंगामातील चिखल सुकून आट्यांत बसतो. अदिरामपट्टिनमच्या बाजूस समुद्र आणि मिठागरे असल्याने हवेतील क्षारही त्यांवर बसतात. वर्षातून दोनदा साफ करून वंगण न लावल्यास कडी जाम होते. जाम झालेली कडी नावालाच समायोज्य असते.

केवळ कडक स्प्रिंग बसवण्याचा पर्यायही तपासून पाहण्याजोगा आहे. दोन किलोंऐवजी तीन किलोंना एक मिलिमीटर दबणारी स्प्रिंग लावली, तर वरील उदाहरणात मागची बाजू ५० ऐवजी ३३ मिलिमीटर बसेल. पोटाची उंची १५३ मिलिमीटर राहील आणि तो गतिरोधक तीन मिलिमीटरने सुटेल. त्याची किंमत रिकाम्या गाडीतील माणसे चुकवतील, कारण गाडीचा डुलण्याचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढून प्रत्येक धक्का अधिक टोचेल. मागे सीएनजीची टाकी कायमची बसवलेल्या गाडीसाठी ही अदलाबदल बरीचशी रास्त आहे, कारण तिचा भार कधी उतरतच नाही.

भार रोज बदलणाऱ्यांसाठी तुलनेने शहाणपणाची वस्तू म्हणजे मागच्या गुंडाळी स्प्रिंगच्या पोकळीत बसणारी हवेची पिशवी. टायरसारख्याच झडपेतून तिच्यात हवा भरता येते. भार असेल तेव्हा भरावी, नसेल तेव्हा ठरलेल्या किमान दाबापर्यंत सोडावी. ज्या गाडीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगच्या आतूनच जातो किंवा मागे पाटे आहेत, तेथे ही पिशवी बसत नाही. किंमत संपूर्ण संचाच्या काही अंशाइतकीच असते. अडचण अशी की ती बसवल्यावर गाडी भरलेली 'दिसत' नाही आणि मालक आणखी दोन पोती चढवतो. छोट्या मोटारीची प्रवासी धरून भार वाहण्याची मर्यादा साधारणपणे चारशे ते साडेचारशे किलो असते. सरासरी ६५ किलोंची पाच माणसे बसली की ३२५ किलो झाले. उरले दोन-तीन पोत्यांपुरते. पिशवीने ही मर्यादा वाढत नाही. आस, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात.

याच त्रिभुज प्रदेशात, तिरुवारूर येथील त्यागराजस्वामी मंदिराचा प्रचंड रथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सजवल्यावर सुमारे ९६ फूट उंच आणि सुमारे ३०० टन वजनाच्या या रथाला स्प्रिंग नाही. आधुनिक काळात त्याच्या सुधारणेचे काम तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे आले, तेव्हा त्याला लोखंडी आस-चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक मिळाले. भार वाहणाऱ्या वाहनावर पैसा प्रथम कोठे लावायचा, हा क्रम मोटारमालकालाही उपयोगी पडावा असा आहे.

खर्चाचा हिशेब

एक लाख रुपयांचा संच पाच वर्षे टिकला आणि गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालली, तर खर्च किलोमीटरमागे एक रुपया ६७ पैसे पडतो. छोट्या मोटारीच्या मूळ प्रकारच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची किंमत प्रत्येकी साधारण दोन ते चार हजार रुपये असते. चारही बदलले, वरचे माउंट आणि झिजलेले बुश नवे टाकले, मजुरी आणि अलाइनमेंट धरली आणि एकूण खर्च १८ हजार झाला असे मानले, तर तेवढ्याच अंतरासाठी तो किलोमीटरमागे ३० पैसे येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाल्याने, पूर्वी २८ टक्के कर असलेल्या भागांबाबत फरक थोडा कमी झाला असला तरी प्रमाण बदललेले नाही.

विशेष म्हणजे ज्यांना सस्पेन्शन 'अपुरे' वाटते त्यांपैकी पुष्कळांच्या गाडीत मूळचे सस्पेन्शन प्रत्यक्षात संपलेले असते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदम मोडत नाही. तो हजारो किलोमीटरांत हळूहळू निकामी होतो आणि चालकाला त्याची सवय होत जाते. पाहणी अवघड नाही. उभ्या गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्थिरावली पाहिजे. दोन-तीन वेळा डुलली, नळीवर तेलाचा ओला डाग दिसला किंवा टायर सलग न झिजता जागोजागी वाटीसारखा झिजला असेल, तर नव्या संचाचा विचार करण्याआधी मूळ भाग बदलावेत. त्याहून आधी टायरमधील हवा पाहावी. दाराच्या चौकटीवरील पट्टीत भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांचा दाब बहुधा वेगळा दिलेला असतो, आणि तो पाळण्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

महाराष्ट्रातून मोटारीने रामेश्वरला जाणारी कुटुंबेही याच प्रदेशातून जातात. तंजावरच्या भोसले राजांनी या यात्रामार्गावर छत्रे, म्हणजे धर्मशाळा, उभारली होती. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. हजाराहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात पाच माणसे आणि सामान घेतलेली गाडी मागून बसलेली असते. अशा एका प्रवासासाठी सस्पेन्शन बदलण्याचे कारण नाही. जड सामान डिकीच्या अगदी मागच्या टोकाऐवजी आसनाला टेकवून ठेवले, तरी मागच्या आसावरील ताण कमी होतो. रात्री दिव्यांचा झोत खाली आणण्यासाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचे चाक असते. टू सीव्हीतील त्या नॉबचाच हा वारस. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अरुंद भरावावर डोळे दिपून कालव्याकडे सरकावे लागू नये, यासाठी ते चाक फिरवणे समायोज्य शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नॉबपेक्षा अधिक निकडीचे आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ प्रकारचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून तशाच प्रकारचा बसवणे ही दुरुस्ती होय. वाहनाचे मूळ स्वरूप पालटेल इतकी उंची कमी-जास्त करणे ही वेगळी बाब. भाड्याच्या मोटारींना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे त्यांच्या मालकांसमोर हा प्रश्न तपासणीच्या दिवशी उभा राहू शकतो. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवले, तर संचाच्या किमतीपेक्षा मोठी रक्कम अडकू शकते. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे म्हणूनच हिताचे.

हे सर्व तपासूनही ज्याला समायोजनाची खरी गरज उरते, त्याने घाई न करता एक आठवडा मोजमाप करावे. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची गाडी रिकामी असताना आणि नेहमीचा भार असताना लिहून ठेवावी. दोन्हींत मागच्या बाजूस तीन सेंटिमीटरांपेक्षा कमी फरक असेल, तर उंची बदलणाऱ्या यंत्रणेला करण्यासारखे काम फारसे उरत नाही. फरक पाच सेंटिमीटरांच्या पुढे असेल आणि भार रोज चढत-उतरत असेल, तर हवेच्या पिशवीचा विचार करावा. बसवताना काढलेले मूळ भाग भंगारात न देता चिठ्ठी लावून कोरड्या जागी ठेवावेत. गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना ते लागतात. हजार किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा घट्ट करून घ्यावेत आणि तीच चार मापे पुन्हा घेऊन पहिल्या कागदाशी ताडून पाहावीत.